मालगुंडच्या दमट हवेत लॅपटॉप का घोंगावतो

मे महिना लागला की मालगुंडात चाकरमान्यांची पोरं येतात आणि हल्ली त्यांच्या पिशवीत बॅटीच्या जोडीला गेमिंगचा लॅपटॉप असतो. दुपारची जेवणं आटोपतात, मोठी माणसं आडवी होतात आणि माजघरातून घरघर सुरू होते. आजी विचारते, "कसला रे हा आवाज?" पोरगा पडद्यावरची नजर न हलवता सांगतो, "उकडतंय ना आजी, म्हणून तापलाय तो." हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि त्यातला चुकीचा अर्धा भाग समजून घेणं जास्त कामाचं आहे.

माणसाला उकडतं ते मुख्यतः हवेतल्या दमटपणामुळे. अंगावरचा घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. हवा आधीच पाण्याने भरलेली असली की घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याचा पंखा आत ओढतो ती हवा किती अंशांची, एवढ्याच गोष्टीशी त्याला मतलब. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा उष्णता थोडी कमी-जास्त वाहून नेते खरी, पण तो फरक इतका किरकोळ की धरण्यासारखा नाही. आता पारा बघा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मेमधलं कमाल तापमान साधारण ३२-३३ अंशांवर घुटमळतं. त्याच दिवसांत चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या घरात असतो. पंख्याचा वेग तोच धरला तर खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश चिपही वर चढते. म्हणजे मालगुंडच्या ३२ अंशांच्या खोलीत ७८ वर चालणारी ग्राफिक्स चिप चंद्रपुरात, कूलर नसलेल्या खोलीत, त्याच खेळात नव्वदी ओलांडेल. तक्रार करायचा हक्क खरं तर विदर्भातल्या पोरांचा आहे. कोकणातल्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं आहे. पण आधी ही उष्णता येते कुठून ते बघू.

गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये दोन तापणाऱ्या गोष्टी असतात. प्रोसेसर खेळताना ४५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर ग्राफिक्स चिप मॉडेलप्रमाणे ८० ते १४० वॅट. चार्जरच्या विटेवर १८० किंवा २३० वॅट छापलेलं असतं ते उगाच नाही. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पंप पाणी तरी वर चढवतो. संगणक असं काही उचलत नाही, त्यामुळे घेतलेली वीज दुसरीकडे कुठे जमा व्हायला वावच नाही. आणि एकूण उष्णतेपेक्षा मोठी अडचण अशी की ती फार छोट्या जागेतून निघते. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट. प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा दोनेक चौरस सेंटीमीटरचा, त्यातून ४५ वॅट. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला वीस वॅटच्या वर, इस्त्रीच्या चौपट. हा तुकडा कपडे जाळत नाही, कारण उष्णता तिथून क्षणभरही न थांबता पळवून नेली जाते.

ती पळवणारी वस्तू मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर वाटते. मागचं झाकण उघडलं की चपट्या केलेल्या तांब्याच्या नळ्या दिसतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. पुष्कळांना त्या भरीव तांब्याच्या पट्ट्या वाटतात, पण त्या आतून पोकळ असतात. आतली हवा काढून टाकून थोडंसं पाणी घातलेलं असतं आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. हवा नसल्यामुळे दाब कमी, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न बघता कितीतरी आधी उकळतं. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि ते पाणी सच्छिद्र थरातून आपोआप मागे झिरपतं. हलणारा एकही सुटा भाग नाही. ही कल्पना अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी शीतकपाटासाठी मांडली. १९४४ मध्ये पेटंटही मिळालं आणि मग ती कागदावरच पडून राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, आणि तिचा खरा उपयोग आधी अंतराळयानांत झाला. गेमिंगच्या पोरांच्या मांडीवर पोचायला तिला आणखी तीसेक वर्षं लागली.

नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फुंकतो. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या नळ्या सामायिक असतात. एकाची उष्णता कमी केली की दुसऱ्याला मोकळीक मिळते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडच्या संगणकांचा इतिहासही या उष्णतेशी झगडण्याचाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या 'टिफ्रॅक'मध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि आतली तार लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय ट्यूब कामच करत नसे. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ चा. त्यात पाणी थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत खेळवून उष्णता काढली जाते. मालगुंडच्या माजघरात ती सोय नाही, तिथे पंख्यावरच भागवायला हवं.

तो पंखा ओरडतो म्हणून त्यालाच गप्प करायला निघणारे बरेच असतात. सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग बांधून टाकायचा, की झालं. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. पंखा फक्त निरोप देतो. आत किती वॅट जळताहेत ते तो सांगतो. वॅट तेवढेच ठेवून पंखा दाबला तर चिप ९५-१०० अंशांवर जाते आणि मग स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. खेळ ऐन रंगात असताना अचानक अडखळायला लागतो तो बहुधा यामुळेच. चिप लगेच जळते असं नाही, तिची राखण चांगली असते, पण पैसे मोजून घेतलेला वेग असा वाया जातो.

पंख्याचं गणित मात्र आपल्या बाजूचं आहे. पाती वीस टक्के हळू फिरली तर हवा वीसच टक्के कमी येते, पण आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते. उलट वेग दुप्पट झाला तर आवाज १५ डेसिबलने चढतो. म्हणून आतली उष्णता थोडी जरी घटवली तरी कानाला मोठा फरक पडतो. आणि कान कुठे आहेत यालाही महत्त्व आहे. दादरच्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये पन्नास डेसिबलचा पंखा गर्दीच्या आवाजात बुडून जातो. मालगुंडात रात्री दहानंतर समुद्राची गाज सोडली तर काहीच ऐकू येत नाही, आणि जांभ्याच्या भिंतींच्या आत तीही मंद होते. तोच पंखा तिथे सगळ्या घराला जागं ठेवतो. "मुंबईत एवढा आवाज करत नव्हता" या तक्रारीत लॅपटॉपचा काही दोष नसतो.

उष्णता घटवायचा सगळ्यांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे फ्रेमला लगाम घालणं. पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असेल आणि ग्राफिक्स चिप सेकंदाला १३० चित्रं काढत असेल, तर वरची ७० चित्रं तुम्हाला धड दिसतही नाहीत. त्यांची उष्णता तेवढी होते. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा असते, नसली तर ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. पडदा १४४ हर्ट्झचा असला तरी एकट्याने निवांत खेळायच्या, गोष्ट पुढे नेणाऱ्या खेळात ६० पुरतात. 'व्हॅलोरंट'सारख्या समोरासमोरच्या चकमकीत जास्त फ्रेमचा उपयोग होतो, हे कबूल. तिथे ९०-१०० वर तडजोड करा. आणि खेळाच्या मेनूवरही लक्ष ठेवा. तिथे काढायला काहीच नसतं, म्हणून मर्यादा नसली तर चिप सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटते. २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या खेळाच्या चाचणी आवृत्तीत मेनूवर असतानाच काहींची महागडी ग्राफिक्स कार्डं निकामी झाली. मूळ दोष त्या कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये निघाला, पण खेळवाल्यांनीही मेनूतल्या फ्रेमवर मर्यादा घातली. मेनूवर असताना चीं-चीं असा बारीक आवाज येत असेल तर तो पंख्याचा नसतो. बोर्डावरच्या कॉइल थरथरत असतात. फ्रेम बांधल्या की तोही बहुतेक वेळा थांबतो.

दुसरा उपाय प्रोसेसरचा. आजचे प्रोसेसर टर्बो नावाच्या सवयीने थोडा वेळ आपल्या मूळ वेगाच्या बरेच वर जातात. त्यासाठी त्यांना जास्त व्होल्टेज लागतं, आणि चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाचे शेवटचे दहा-पंधरा टक्के म्हणूनच फार महाग पडतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो बंद होतो आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरल्याचं दिसतं. बरेचसे खेळ ग्राफिक्स चिपवर अडलेले असतात, त्यामुळे खेळण्यात फारसा फरक जाणवत नाही. उलट सामायिक नळ्यांमुळे ग्राफिक्स चिपला श्वास घ्यायला जागा होते. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग लपवलेली असते. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सायलेंट' किंवा 'बॅलन्स्ड' मोड थोडंफार हेच काम करतो. वेग तोच ठेवून व्होल्टेजच कमी करण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की चिपच्या कामाची वीज एकोणीस टक्के उतरते, इतकं ते फायद्याचं. पण २०१९ च्या डिसेंबरात 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षेतली फट उघड झाल्यावर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर ही वाट बंद झाली. तुमच्याकडे चालू असेल तर जरूर वापरा, पण पायरीपायरीने.

आता बसायच्या जागेबद्दल. मालगुंडात गेमिंगची आवडती जागा म्हणजे पलंग, आणि रात्री मच्छरदाणीत. लॅपटॉपसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात. गादीत रुतला की ते तोंडच बंद होतं. मागून निघालेली गरम हवा मच्छरदाणीत कोंडते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. मग बाहेर पारा ३० असो की २५, लॅपटॉपच्या लेखी खोली चाळिशीची झालेली असते. भिंतीला पाठ टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपचंही हेच होतं. टेबल घ्या, मागे वीतभर जागा सोडा आणि मागच्या दोन पायांखाली दोन जाड खोडरबर सारा. तीन-चारशे रुपयांचा कूलिंग पॅड जे काम करतो, त्यातलं बरंचसं या खोडरबरांनी होतं. टेबलफॅन लावायचा तर हवा बाजूने जाऊ द्या, म्हणजे गरम हवा साठत नाही. मागच्या जाळीवर समोरून मारलात तर आतली हवा बाहेर पडायलाच अडथळा होईल.

मांडीवर तर घेऊच नका. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद दिली होती. रोज काही तास, असे कित्येक महिने मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीवरची त्वचा जाळीदार काळपट झाली होती. भाजावं इतकी उष्णता नसते, म्हणून कळतही नाही. पूर्वी असे डाग शेकोटीजवळ किंवा चुलीपुढे सतत बसणाऱ्यांच्या पायांवर दिसत.

हे सगळं नागपुरातही लागू आहे. मालगुंडचं खास दुखणं म्हणजे मीठ. लाटा फुटतात तेव्हा उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर जमिनीकडे येतात; पाणी सुकतं आणि मिठाचे कण तरंगत राहतात. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त. संध्याकाळी पडवीत खारा वारा खात खेळताना पंखा तोच वारा तासन्‌तास जाळीतून ओढत असतो. एरवी धूळ जाळीवर बसते ती कोरडी असते, फुंकली की उडते. मिठाचं तसं नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं; पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच कारणाने. किनाऱ्यावर वर्षातला मोठा काळ हवा या रेषेच्या आसपास किंवा वरच असते. मग जाळीवरची धूळ चिकट होते, तिच्यावर कापसाचे तंतू बसतात, आणि वर्षा-दीड वर्षात पत्र्यांच्या तोंडाशी करड्या नमद्यासारखा थर तयार होतो. झाकण काढून तो चिमट्याने उचलला तर अख्खी पट्टीच्या पट्टी हातात येते. हवेला वाट नाही, म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरतो. आणि पोरं म्हणतात, लॅपटॉप जुना झाला.

मिठाचं पाणी विजेला वाट देतं, हा पुढचा त्रास. जाळीचे पत्रे बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात आणि नळ्या तांब्याच्या. दोन वेगळे धातू खारट ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला ॲल्युमिनियम झिजतो. पांढरी भुकटी दिसली की समजावं. बोर्डावरच्या बारीक सांध्यांवर आणि पोर्टवर हिरवट थर येतो तोही याच जातीचा.

इथे एक गोष्ट मात्र आपल्या अंदाजाच्या उलट आहे. पावसाळ्यात लॅपटॉप जपून कपाटात ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवणं त्याला मानवतं. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन ४० अंशांवर गेली की तीच हवा ४९ टक्क्यांची होते, कारण गरम हवेत पाणी मावायची जागा वाढते. म्हणजे चालू लॅपटॉप आतून स्वतःला वाळवत असतो आणि बंद कपाटातला ओल धरतो. कपाटातच ठेवायचा झाला तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला किंवा वाळवा.

दव हा आणखी एक वैरी. मुंबईहून सात-आठ तास एसी गाडीत बसून आलेला लॅपटॉप बाविसेक अंशांचा असतो. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर सत्तावीस अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. पाण्याची बाटली जशी बाहेरून ओली होते तसाच लॅपटॉपही होतो, आणि आतूनही. घरी पोचल्यावर बॅग तशीच बंद ठेवा, चहा-पाणी होऊ द्या, अर्धा-पाऊण तास गेल्यावर लॅपटॉप काढा आणि मगच चालू करा.

सफाई वर्षातून एकदा करावी, किनाऱ्यावर शक्यतो पावसाळा संपल्यावर. लॅपटॉप बंद करून, बॅटरीची जोडणी काढून, मऊ ब्रश आणि हवेचा डबा वापरा. तोंडाने फुंकू नका, त्यातून ओलच जाते. हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जायचं. झाकणाचे क्लिप तुटतील अशी भीती वाटत असेल तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण समोर बसून जाळी साफ करून घ्या. बाहेरून पुसून परत देणारेही असतात. चिप आणि नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते किंवा कडेला सरकते. झाकण उघडलंच आहे तर ती नवी लावून घ्या. लिक्विड मेटल नावाची महाग पेस्ट कोणी सुचवली तर नाही म्हणा. तिच्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला अक्षरशः पोखरतं आणि सांडलं तर बोर्ड शॉर्ट होतो. हे सगळं करूनही पंखा खरखरत किंवा टकटकत असेल तर त्याचं बेअरिंग झिजलंय. वंगण घालून तो थोडे दिवस गप्प बसतो, पण नवा पंखा बसवणंच बरं.

राहिली बॅटरी. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि चार्जर लावून तासन्‌तास खेळणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच चालू असतं. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे; ती आजच लावून टाका. आणि ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसला, झाकण नीट बसेनासं झालं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर आत बॅटरी फुगली आहे. खेळ तिथेच थांबवा, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. आणि रत्नागिरीला जाऊन बदलून आणायचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.